महानगरपालिकांची वाहनखरेदी व वाहनांचे विद्युतीकरण : अमरावती व अकोला शहरांच्या संदर्भात

१. प्रस्तावना

नागरी स्थानिक स्वराज्य संस्थेचे नागरिकांना रोज घडणारे दर्शन म्हणजे तिची वाहने होत. सकाळी दारावर येणारी घंटागाडी, उन्हाळ्यात वस्तीत उभा राहणारा पाण्याचा टँकर, आगीच्या वेळी धावणारा बंब, तुंबलेली नाली मोकळी करणारे यंत्र, शववाहिका आणि जेथे असेल तेथे शहर बस, अशा विविध रूपांत महानगरपालिका नागरिकांच्या दारापर्यंत पोहोचते. असे असूनही स्थानिक स्वराज्य संस्थांच्या अभ्यासात निवडणुका, कररचना, आरक्षण व प्रशासन या विषयांची जितकी चर्चा होते, तितकी वाहन विभागाची होत नाही. विजेवर चालणाऱ्या वाहनांच्या आगमनामुळे हा दुर्लक्षित विभाग अर्थशास्त्र, लोकप्रशासन, वाणिज्य व अभियांत्रिकी या सर्वच विद्याशाखांच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरला आहे.

अमरावती महानगरपालिकेची स्थापना १५ ऑगस्ट १९८३ रोजी, तर अकोला महानगरपालिकेची स्थापना १ ऑक्टोबर २००१ रोजी झाली. २०११ च्या जनगणनेनुसार अमरावतीची लोकसंख्या ६,४७,०५७ व अकोल्याची ४,२५,८१७ होती. २०१६ च्या हद्दवाढीने अकोला शहराचे क्षेत्र कित्येक पटींनी वाढले. अमरावतीच्या हद्दीत बडनेऱ्यासारखे रेल्वे जंक्शनचे गाव समाविष्ट आहे. क्षेत्र मोठे, वस्ती विखुरलेली आणि उत्पन्नाची साधने मर्यादित, ही दोन्ही शहरांची समान स्थिती आहे. मुंबई किंवा पुण्याच्या अनुभवावरून काढलेले निष्कर्ष येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. या पार्श्वभूमीवर महानगरपालिका वाहने कशी घेते, विद्युतीकरणाने त्या पद्धतीत कोणता बदल घडतो आणि वऱ्हाडातील शहरांनी कोणत्या बाबींचा विचार करावा, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२. वाहनखरेदीची प्रचलित कार्यपद्धती

महानगरपालिकांचा कारभार महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ नुसार चालतो. अचलपूर, अकोट, मूर्तिजापूर यांसारख्या नगरपरिषदांना महाराष्ट्र नगरपरिषद, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ लागू होतो. महानगरपालिकेच्या वतीने करार करण्याचा अधिकार आयुक्तांचा असला, तरी ठरावीक मर्यादेपुढील खर्चास स्थायी समितीची मान्यता आवश्यक असते. अमरावती व अकोला येथील लोकनियुक्त सभागृहांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान होईपर्यंत दोन्ही ठिकाणी प्रशासकीय राजवट होती. म्हणजेच विद्युत वाहनांविषयीची महत्त्वाची धोरणे ज्या काळात आकाराला आली, त्या काळात प्रस्ताव मांडणारा व त्यास मान्यता देणारा अधिकारी एकच होता. नव्या सभागृहांसमोर आता या विषयाची चर्चा प्रथमच खुल्या स्वरूपात होऊ शकते.

खरेदीचा क्रम सामान्यतः पुढीलप्रमाणे असतो. वाहन विभाग किंवा संबंधित विभाग मागणी नोंदवितो. अर्थसंकल्पातील तरतूद वा प्राप्त अनुदान पाहून प्रशासकीय मान्यता घेतली जाते. तांत्रिक विनिर्देश ठरविले जातात. त्यानंतर ई-निविदा काढली जाते किंवा ९ ऑगस्ट २०१६ पासून कार्यरत असलेल्या 'जेम' या केंद्र शासनाच्या खरेदी संकेतस्थळावरून वाहन घेतले जाते. राज्य शासनाच्या उद्योग विभागाने १ डिसेंबर २०१६ च्या निर्णयान्वये खरेदीची सुधारित नियमपुस्तिका लागू केली आणि २४ ऑगस्ट २०१७ च्या निर्णयाने 'जेम'चा स्वीकार केला. पात्र ठरलेल्या निविदाकारांपैकी न्यूनतम दर देणाऱ्यास पुरवठा आदेश दिला जातो.

या पद्धतीत पारदर्शकता आहे. परंतु तिच्यात दोन उणिवा आढळतात. पहिली उणीव अशी की, तुलना केवळ खरेदीच्या किमतीची होते. इंधन, दुरुस्ती, टायर, विमा व चालकाचे वेतन हे पुढील दहा-पंधरा वर्षांचे खर्च निविदेच्या तक्त्यात येत नाहीत. दुसरी उणीव निधीच्या स्वरूपाची आहे. छोट्या महानगरपालिका वाहने बहुधा अनुदानातून घेतात. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या कालावधीत दहा लाखांहून कमी लोकसंख्येच्या शहरांना दिलेल्या अनुदानापैकी ६० टक्के भाग पाणीपुरवठा, स्वच्छता व घनकचरा यांसाठी बंधित होता. स्वच्छ भारत अभियानातूनही घनकचरा वाहतुकीस निधी मिळाला. अनुदानातून वाहन येते, पण ते चालविण्याचा खर्च पालिकेच्या स्वतःच्या उत्पन्नातून करावा लागतो. त्यामुळे नवी वाहने रांगेने उभी करून त्यांचे लोकार्पण होते आणि काही वर्षांनी त्यांपैकी काही सुट्या भागांअभावी कार्यशाळेच्या आवारात पडून राहतात, असे चित्र अनेक शहरांत दिसते. दोष वाहनाचा नसून खरेदीला एकवेळची घटना मानणाऱ्या दृष्टीचा आहे.

३. विद्युतीकरणाकडे नेणारी धोरणे

स्थानिक संस्थांना विद्युत वाहनांकडे वळविणारे दबाव व प्रोत्साहने यांचे चार गट करता येतात.

पहिला गट राज्याच्या धोरणाचा. महाराष्ट्राने २०१८ मध्ये पहिले व जुलै २०२१ मध्ये दुसरे विद्युत वाहन धोरण जाहीर केले. २०२१ च्या धोरणात अमरावती शहरासाठी ३० चार्जिंग केंद्रांचे उद्दिष्ट ठेवण्यात आले होते. अकोल्याचा त्या यादीत समावेश नव्हता. शासकीय विभाग व नागरी स्थानिक संस्थांनी यापुढे विद्युत वाहनेच खरेदी करावीत अथवा भाड्याने घ्यावीत, या निर्णयाची अंमलबजावणी एप्रिल २०२२ ऐवजी १ जानेवारी २०२२ पासून करण्यात आली. त्यानंतर २०२५ मध्ये नवे धोरण आले. त्याचा कालावधी २०३० पर्यंत आहे.

दुसरा गट जुन्या वाहनांच्या निर्लेखनाचा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील दुरुस्तीनुसार १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या शासकीय वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण होत नाही. हा नियम महानगरपालिका, नगरपालिका व पंचायतींच्या वाहनांनाही लागू आहे. या नियमाचा सर्वाधिक ताण अग्निशमन विभागावर पडतो. अग्निशमन बंब पंधरा वर्षांत तुलनेने अल्प अंतर धावतो, तरीही केवळ वयामुळे तो बाद ठरतो. त्याच्या जागी नवा बंब घेण्यास मोठा खर्च येतो. परिणामी विद्युतीकरणासाठी लागणारा पैसा व बंबासाठी लागणारा पैसा एकाच तिजोरीतून एकाच वेळी मागितला जातो.

तिसरा गट हवेच्या गुणवत्तेचा. जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात निकष न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत महाराष्ट्रातील इतर शहरांबरोबर अमरावती व अकोला यांचाही समावेश झाला. त्यामुळे धूळ व धूर कमी करण्याच्या कृती आराखड्यात वाहनांचा प्रश्न अधिकृतपणे आला.

चौथा गट शहर बससेवेचा. केंद्रीय मंत्रिमंडळाने १६ ऑगस्ट २०२३ रोजी 'पीएम-ई-बस सेवा' या योजनेस मान्यता दिली. तिच्याद्वारे १०,००० विद्युत बसगाड्यांचे उद्दिष्ट असून ५७,६१३ कोटी रुपयांच्या अंदाजित खर्चापैकी २०,००० कोटी रुपये केंद्राचे आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार तीन लाखांवर लोकसंख्या हा तिचा निकष असल्याने अमरावती व अकोला ही दोन्ही शहरे त्यात बसतात.

४. मालकीकडून सेवेकडे : प्रति किलोमीटर करार

'पीएम-ई-बस सेवा' योजनेत महानगरपालिका बस विकत घेत नाही. बसची मालकी, चालक व देखभाल खासगी चालन कंपनीकडे असते. पालिका धावलेल्या प्रत्येक किलोमीटरसाठी ठरलेला दर देते व तिकिटाचे उत्पन्न स्वतःकडे ठेवते. मुंबईत 'बेस्ट' उपक्रमाने आणि पुण्यात पीएमपीएमएलने याच तत्त्वावर विद्युत बस आणल्या. विद्युत बसची आरंभीची किंमत डिझेल बसच्या तुलनेत फार अधिक व चालविण्याचा खर्च कमी असतो. त्यामुळे भांडवलाचा भार कंपनीने उचलावा व पालिकेने तो वर्षानुवर्षे फेडावा, अशी ही रचना आहे. चीनमधील शेन्झेन शहराने २०१७ अखेर आपल्या सर्व १६,३५९ बस विद्युत केल्या, त्यामागेही भाडेपट्टीच्या व्यवस्थेचा मोठा वाटा होता. चिलीची राजधानी सांतियागो येथे तर वीज कंपनीनेच बस विकत घेऊन त्या चालन कंपन्यांना भाड्याने दिल्या.

दर कमी करण्यासाठी एकत्रित निविदेचा मार्ग आहे. २०२२ मध्ये कोलकाता, दिल्ली, बेंगळुरू, हैदराबाद व सुरत या पाच शहरांसाठी ५,४५० बसगाड्यांची एकत्रित निविदा काढण्यात आली. तीत १२ मीटर बससाठी प्रति किलोमीटर ४३.४९ रुपये व ९ मीटर बससाठी ३९.२१ रुपये असे न्यूनतम दर आले. मोठी मागणी असल्यामुळे दर उतरले. चाळीस-पन्नास बस मागणाऱ्या शहराला स्वतंत्रपणे असे दर मिळणे कठीण असते.

या कराराचा पालिकेच्या अर्थसंकल्पावर होणारा परिणाम एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. एखाद्या शहराने ९ मीटर लांबीच्या ४० बस घेतल्या व प्रत्येक बस रोज २०० किलोमीटर धावली, तर वर्षाला २९.२ लाख किलोमीटर होतात. कंपनीचा दर ६० रुपये गृहीत धरल्यास वार्षिक देयक १७.५२ कोटी रुपये होईल. केंद्राच्या योजनेत ९ मीटर बससाठी प्रति किलोमीटर २२ रुपये साहाय्य आहे, ते ६.४२ कोटी रुपये होते. तिकिटाचे उत्पन्न प्रति किलोमीटर २५ रुपये मानल्यास ७.३० कोटी रुपये मिळतील. तरीही सुमारे ३.८० कोटी रुपयांची तूट दरवर्षी पालिकेस सोसावी लागेल. केंद्राचे साहाय्य दहा वर्षांपर्यंत आहे. ते थांबल्यानंतर करार सुरू राहिला, तर हीच तूट १०.२२ कोटींवर जाईल. यातील दर व उत्पन्न गृहीत असले, तरी तुटीची दिशा त्यातून स्पष्ट होते.

तूट असणे हा दोष नव्हे. जगातील बहुतेक शहर बससेवा तिकिटाच्या उत्पन्नावर पूर्णपणे चालत नाहीत. रस्ता वा पथदिव्याप्रमाणे बससेवाही सार्वजनिक सोय आहे. बडनेरा स्थानकावर उतरून अमरावतीतील महाविद्यालयात येणारी विद्यार्थिनी किंवा अकोल्याच्या हद्दवाढ भागातून रुग्णालयात येणारा वृद्ध यांच्या दृष्टीने ती सोय अत्यावश्यक आहे. प्रश्न एवढाच की, ही तूट आधी मोजून तिच्यासाठी निश्चित उत्पन्नस्रोत राखून ठेवला आहे काय? देयके थकली की कंपनी चालकांचे वेतन थकविते, चालक संप करतात आणि प्रवासी रस्त्यावर उभा राहतो. मुंबईत 'बेस्ट'च्या भाडेतत्त्वावरील सेवेतून काही कंत्राटदारांनी मुदतीपूर्वीच अंग काढून घेतले, ही बाब बोलकी आहे.

देयके थकण्याच्या याच भीतीमुळे केंद्राने ११ सप्टेंबर २०२४ रोजी ३,४३५.३३ कोटी रुपयांची देयक सुरक्षा यंत्रणा मंजूर केली. पालिकेने पैसे न दिल्यास या निधीतून कंपनीस देयक मिळते व नंतर ती रक्कम वसूल केली जाते. वसुली न झाल्यास राज्याच्या रिझर्व्ह बँकेतील खात्यातून ती थेट वळती होऊ शकते. याचा अर्थ असा की, बसचे देयक हे यापुढे टाळता येणारे देणे राहणार नाही. पूर्वी पैसा नसला की वाहन उभे राहत असे. आता वाहन उभे राहिले तरी करारातील हमी किलोमीटरचे देणे पालिकेच्या नावावर चढू शकते.

५. वऱ्हाडचे हवामान, वीज व आगार

विद्युत वाहनाच्या क्षमतेचे आकडे ठरावीक परिस्थितीतील चाचणीवर आधारलेले असतात. अकोला व अमरावती येथे एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याच्याही वर जाते. अशा उष्म्यात बॅटरी थंड ठेवण्यासाठी व वातानुकूलनासाठी वीज खर्च होते, एका चार्जिंगमध्ये कापले जाणारे अंतर घटते आणि दीर्घकाळात बॅटरीची झीजही वाढते. म्हणून निविदेत कंपनीने सांगितलेले अंतर न स्वीकारता, मे महिन्यातील दुपारी, पूर्ण प्रवासी भारासह व वातानुकूलन चालू असताना किती अंतर कापले जाईल, याची हमी मागणे येथील शहरांना आवश्यक आहे. बॅटरीची धारणक्षमता किती टक्क्यांच्या खाली गेल्यास ती बदलून द्यावयाची, हेही करारात स्पष्ट असावे.

विजेचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. ४० बसना प्रत्येकी रोज १५० युनिट वीज लागते असे मानले, तर एका आगाराची गरज ६,००० युनिट होते. ती सहा तासांत भरावयाची झाल्यास सुमारे १,००० किलोवॉट भार लागतो. यासाठी महावितरणची उच्चदाब जोडणी व स्वतंत्र रोहित्र हवे. जागा निश्चित करणे, वाहिनी टाकणे व विद्युत निरीक्षकांची मान्यता मिळविणे या कामांना वेळ लागतो. बस आल्या पण वीज आली नाही, अथवा आगार तयार झाले पण बस आल्या नाहीत, हे दोन्ही प्रकार टाळावयाचे असतील तर दोन्ही वेळापत्रके एकाच करारात बांधली गेली पाहिजेत. राज्य परिवहन महामंडळाने २०२३ मध्ये ५,१५० विद्युत बससाठी केलेल्या करारातील पुरवठा वेळापत्रकानुसार झाला नाही, हे उदाहरण डोळ्यांसमोर आहे.

पर्यावरणीय लाभाचाही तटस्थ विचार व्हावा. अकोला जिल्ह्यातीलच पारस येथे कोळशावर चालणारे औष्णिक वीज केंद्र आहे. राज्याच्या विजेचा मोठा भाग अद्याप कोळशापासून येतो. त्यामुळे विद्युत बसमुळे शहराच्या चौकातील धूर व आवाज निश्चित कमी होतो. पण एकूण कार्बन उत्सर्जनातील घट ही वीज कोठून येते यावर अवलंबून राहते. आगाराच्या छपरावर सौर पॅनेल बसविणे आणि दिवसा चार्जिंग करणे यांना म्हणूनच वऱ्हाडच्या उन्हात विशेष अर्थ आहे.

६. प्रारंभ कोठून करावा?

सर्व वाहनांचे विद्युतीकरण एकाच वेळी शक्य नाही व आवश्यकही नाही. कामाच्या स्वरूपानुसार वाहनांची वर्गवारी केली असता अग्रक्रम आपोआप ठरतो. अग्निशमन बंब, जेटिंग यंत्र व जेसीबी यांना सतत मोठी शक्ती लागते व त्यांच्या कामाची वेळ निश्चित नसते. ही वाहने आणखी काही काळ डिझेलवरच राहतील. अधिकाऱ्यांच्या मोटारी भाडेतत्त्वावर सहज बदलता येतात, परंतु त्यांची संख्या अल्प असल्याने लाभही अल्प असतो.

घंटागाडीची स्थिती मात्र वेगळी आहे. तिचा मार्ग ठरलेला, अंतर मर्यादित, वेग कमी आणि थांबे असंख्य असतात. थांबत-थांबत चालताना डिझेल इंजिन सर्वाधिक इंधन वाया घालविते, तर विद्युत मोटार थांबलेली असताना जवळजवळ वीज घेत नाही. समजा, एक घंटागाडी रोज ४० किलोमीटर फिरते. लिटरला १० किलोमीटर व ९० रुपये दर धरल्यास डिझेलचा खर्च ३६० रुपये होतो. किलोमीटरला ०.२ युनिट व युनिटला १० रुपये धरल्यास विजेचा खर्च ८० रुपये होतो. वर्षातील ३०० दिवसांत एका गाडीमागे ८४,००० रुपये वाचतात. दहा वर्षांत ही बचत ८.४ लाख रुपये होते व त्यातून बॅटरी बदलण्याचा खर्चही निघू शकतो. खरेदीच्या न्यूनतम दराच्या तक्त्यात ही बचत कोठेच दिसत नाही. आयुर्मान खर्चाच्या तक्त्यात ती पहिल्याच नजरेत दिसते.

याखेरीज घंटागाड्या सकाळच्या फेऱ्या संपवून दुपारी परततात. सौरविजेच्या वाढीमुळे वीजदरातील सवलतीचा कल रात्रीकडून दिवसाकडे सरकत असताना ही वेळ चार्जिंगला सोयीची ठरते. मात्र लहान गाड्यांनी थेट अमरावतीच्या सुकळी डेपोसारख्या दूरच्या ठिकाणी कचरा नेऊ नये. वस्तीजवळील संकलन केंद्रात तो मोठ्या वाहनात भरावा. तसे झाले तरच लहान विद्युत गाडीचे अंतराचे गणित जुळते.

घंटागाडीचे काम बहुतांशी कंत्राटी पद्धतीने चालते. गाडी कंत्राटदाराची असेल, तर नव्या निविदेतच विद्युत वाहनाची अट व इंधनबचतीतील पालिकेचा वाटा नमूद करावा लागेल. चालक व मदतनीस यांचे प्रशिक्षण, उच्च विद्युतदाबापासूनची सुरक्षितता आणि पावसाळ्यातील दक्षता यांचाही त्यात समावेश असावा. डिझेल इंजिनावर आयुष्य घालविलेल्या कार्यशाळेतील कारागिरांना नव्या तंत्राचे शिक्षण न देता बाजूला सारणे हे अन्यायाचे तर आहेच, शिवाय पालिकेला पुरवठादारावर पूर्णपणे परावलंबी करणारेही आहे.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) विद्युतीकरण म्हणजे केवळ इंधनातील बदल नव्हे. त्यामुळे पालिकेचा खर्च एकवेळच्या भांडवलाकडून दीर्घकालीन बांधिलकीकडे वळतो. म्हणून मान्यतेसाठी येणाऱ्या प्रत्येक प्रस्तावासोबत संपूर्ण करार-कालावधीचे वर्षवार दायित्व सभागृहापुढे मांडणे अनिवार्य असावे.

२) न्यूनतम किमतीऐवजी आयुर्मान खर्च हा तुलनेचा निकष असावा. त्यासाठी प्रत्येक वाहनाचे लॉगबुक, इंधन व दुरुस्ती यांची विश्वसनीय नोंद ही पूर्वअट आहे.

३) अमरावती व अकोला यांच्यासारख्या जवळच्या व समान गरजा असलेल्या शहरांनी आणि परिसरातील नगरपरिषदांनी घंटागाड्यांसाठी एकत्रित मागणी नोंदविल्यास दर व देखभाल या दोन्ही बाबतींत लाभ होईल.

४) घंटागाडीपासून प्रारंभ करून मिळालेला अनुभव बससेवेच्या कराराला उपयोगी पडेल. बससेवेची तूट भरून काढणारा निधी मात्र पहिल्या बसच्या आधी निश्चित व्हावा.

५) उष्म्यातील अंतराची हमी, बॅटरी बदलाची अट व वीजजोडणीचे वेळापत्रक या तीन बाबी वऱ्हाडातील प्रत्येक करारात असाव्यात.

या कामी स्थानिक महाविद्यालयांचे साहाय्य मोलाचे ठरेल. १९६४ पासून कार्यरत असलेले अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय व विद्यापीठाच्या क्षेत्रातील इतर अभियांत्रिकी महाविद्यालये वाहनांची उन्हाळी चाचणी करू शकतात. वाणिज्य व अर्थशास्त्राचे विभाग आयुर्मान खर्चाचे तक्ते तपासू शकतात. राज्यशास्त्र व लोकप्रशासनाचे अभ्यासक करारांचे सामाजिक लेखापरीक्षण करू शकतात. हे करार दहा-बारा वर्षांचे असणार आहेत, म्हणजे आज त्यावर स्वाक्षरी करणारे अधिकारी व नगरसेवक तो संपताना पदावर नसतील. त्याचे देणे फेडणारे करदाते आणि त्या बसची वाट पाहणारे विद्यार्थी मात्र येथेच असतील. म्हणूनच हे करार स्वाक्षरीपूर्वी सार्वजनिक चर्चेसाठी खुले होणे अगत्याचे आहे.